काका, तुम्ही आईला काम दिलंत

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

एप्रिल संपला, फीडरवॉचची (अंगणात टांगलेल्या दाण्याच्या भांड्यावर, म्हणजे फीडरवर, हिवाळ्यात येणारे पक्षी मोजायचा उपक्रम) यंदाची मोजणी आटोपली आणि आई सुखरूप सांगलीला पोहोचली. तुम्हाला समोर बसून काही सांगायला गेलं की तुम्ही 'अगं, त्यात काय' म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे न्यू जर्सीला आणलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर, आणि ती खिडकीपाशी. 'जेवलीस का?' विचारलं की 'जेवले गं' म्हणायची. ओट्यावर ताट मात्र कोरडं असायचं. मी तिला मंडळात नेलं, देवळात नेलं, मालिका लावून दिल्या. कशातच तिचा जीव रमेना. मग नोव्हेंबरात एका शनिवारी तुम्ही आलात, मागच्या अंगणात लोखंडी खांब रोवलात, नळीसारखं फीडर अडकवून त्यात काळ्या सालीची सूर्यफुलाची बी भरलीत आणि आईला म्हणालात, "वहिनी, आठवड्यातले दोन दिवस मला पक्षी मोजून द्याल का?"

'मन रमवायला बघत बसा' म्हणाला असतात, तर तिने दोन दिवसांत सोडून दिलं असतं. तुम्ही तिच्याकडे मदत मागितलीत.

आईने मंगळवार-बुधवार धरले. दोनशे पानी वही, डावीकडे वेळ, उजवीकडे पक्षी. नावं तिनेच पाडलेली: शेंडीवाली, काळी टोपी, पाटीवरचा. (पाटीच्या रंगाचा, पांढऱ्या पोटाचा जुन्को. थंडी पडली की उत्तरेकडून उतरतो आणि फीडरखाली सांडलेलं टिपतो.) रात्री तुम्ही चित्रांचा तक्ता घेऊन फोनवर बसायचात, एकेका नावाचा खरा पक्षी शोधून द्यायचात, मग मी ते आकडे संगणकावर भरायचे. तिच्या नावांना तुम्ही कधी हसला नाहीत.

आणि तो कार्डिनलचा वाद! सकाळी लालभडक नर येऊन गेला, दुपारी मातकट मादी आली. आईने 'दोन' लिहिले. तुम्ही म्हणालात, एकच लिहायचा. एका वेळी नजरेत जास्तीत जास्त जितके दिसले, तितकाच आकडा. "अहो, नवरा-बायको आहेत ती, दोन नाहीत का?" तुम्ही शांतपणे समजावलंत: चिकडी (काळ्या टोपीचा चिमुकला पक्षी) दिवसात पन्नासदा येईल, ती दरवेळी तीच की दुसरी, कोण सांगणार? सकाळ-दुपारची बेरीज केली तर एकाच पक्ष्याचे पन्नास होतील. कार्डिनलचे नर-मादी ओळखू येतात, पण चिकडीचे येत नाहीत, म्हणून सगळ्यांना नियम एकच. 1976 साली कॅनडातल्या ओंटारियोत ही मोजणी सुरू झाली, 1987 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा त्यात आली आणि ती सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरली. इतकी वर्षं हजारो घरांनी एकाच पद्धतीने मोजलंय, म्हणून तर या वर्षीचा आकडा मागच्याशी ताडून बघता येतो. आईने 'दोन' खोडून 'एक' केला. ते पान मी जपून ठेवलंय.

फेब्रुवारीत मला घाम फुटला होता. तांबूस छातीचा एक हाऊस फिंच फीडरच्या कडेवर बसून राहिला. इतर उडाले, तो उडेना. डोळा सुजून बंद, भोवती खपली. दाणा टिपायला मान पुढे करायचा आणि चोच बाजूलाच लागायची. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला. ऑफिसच्या गडबडीत फीडर धुवायचं माझ्याकडून कितीतरी दिवस राहिलं होतं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. फीडर काढायला लावलंत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुवायला, पूर्ण वाळवायला आणि दोन आठवडे न टांगायला सांगितलंत. खालची टरफलंही झाडून घ्यायला लावलीत. आणि आईला म्हणालात, "वहिनी, आजारी पक्षी दिसला ही नोंद चुकवू नका." कोंबड्यांत आढळणाऱ्या एका जंतूचा हा डोळ्यांचा रोग 1994 च्या हिवाळ्यात राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास प्रथम दिसला आणि खिडकीतून फिंच बघणाऱ्या साध्या माणसांनी कळवलेल्या नोंदींमुळेच तो कुठवर पसरतोय हे शास्त्रज्ञांना कळत गेलं. आईने ते ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'उजवा डोळा. एकटा.'

रिकाम्या खांबाकडे बघणं जड गेलं. तरी पुढच्या मंगळवारी ती नऊ वाजता खुर्चीत होती, चहा-पोळी घेऊन. खात होती, काका.

तुमची दुर्बीण माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. आईचा पुढचा हिवाळा सांगलीतच जाणार. फेब्रुवारीतली चार दिवसांची परसातली पक्षी-गणना 2013 पासून भारतातही होते, हे तुम्हीच तिला सांगितलं होतंत. ती गॅलरीतून मोजणार म्हणतेय. काल फोनवर तिने एक प्रश्न तुमच्यासाठी दिलाय: सातभाई एका जागी ठरतच नाहीत, एक उडाला की सगळे उडतात, त्यांना मोजायचं कसं? 'काकांना विचारून सांग' म्हणाली.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली पुतणी