दांड्यावरच्या लाटेचा अंदाज कोण देणार?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

2020 चे निसर्ग आणि 2021 चे तौक्ते ही दोन वादळे कोकणाला झोडपून गेल्यावर आपण आमच्या जेट्टीवर आला होतात. खाडीच्या मुखाची खोली मोजून घेऊ आणि समुद्राचा अंदाज दाखवणारा विद्युत फलक जेट्टीवर लावू, असा शब्द आपण त्या वेळी दिला होता. फलक लागला. आठवडाभर त्यावर आपले छायाचित्र झळकले आणि मग तो जो बंद पडला, तो आजतागायत बंद आहे. खोली मोजायला मात्र कोणी फिरकले नाही.

गेल्या वैशाखात आमची नौका मासळी घेऊन परतत होती. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, बंदरावर धोक्याचा बावटा नाही. ओहोटीच्या वेळी मुखाजवळच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, मागून लाट उठली आणि तिने नौका आडवी करून आपटली. पुतण्याचा पाय मांडीत मोडला. इंजिन गेले, जाळी गेली, राहिले ते कर्ज. लांबून येणाऱ्या लाटांचा इशारा आदल्या दिवशीच निघाला होता, असे नंतर कळले. आमच्याकडच्या कार्यालयाच्या दारावर तो तिसऱ्या दिवशी चिकटवला गेला. तेव्हा मी पुतण्याच्या खाटेशी बसलो होतो.

अंदाज वर्तवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वाऱ्याचे आकडे घेते, समुद्राचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात लाटांची ऊर्जा कशी वाढते, सरकते आणि विरते याचे गणित संगणकावर मांडते आणि पुढच्या काही दिवसांचा समुद्र आधीच सांगते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उठलेली लाट आपल्या किनाऱ्याला लागायला काही दिवस घेते, म्हणूनच ती आधी सांगता येते. अशा समुद्राला केरळात कल्लक्कडल, म्हणजे चोरटा समुद्र, म्हणतात. आमच्याकडे त्या चोराची वर्दी आधी मिळते, फक्त ती घरमालकाला कोणी देत नाही.

आणि वर्दी मिळाली तरी ती खोल पाण्याची असते. दर सोळा सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे 400 मीटर लांबीची असते, होडीखालून गेली तरी जाणवत नाही. तीच उथळ पाण्यात आखडते आणि उंच होते, समोरून ओहोटीची ओढ असली तर अधिकच उभी राहते. शिवाय अंदाजातली उंची ही सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट तिच्या दुप्पटही भरू शकते, हे मला माझी नौका फुटल्यावर समजले. दांड्यावर काय होईल हे सांगायचे तर बारीक चौकोनांचे गणित आणि तळाची ताजी खोली लागते. आमचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. ती खोली मोजण्याचा शब्द कोणी दिला होता, महोदय?

याच मुखापासून हाकेच्या अंतरावर धूपप्रतिबंधक बंधारा दोनदा बांधून झाला. माझ्या अंदाजाने, तो चुकलाही असेल, त्यातल्या पंचवीस हात दगडाच्या पैशात पाच वर्षांची मोजणी झाली असती. पण दगडाची निविदा निघते, टक्केवारी ठरते, नारळ फुटतो. पाण्याखालच्या आकड्यांपुढे नारळ कसा फोडणार? माणूस बुडाला की मदतीचा धनादेश द्यायला सगळे येतात, छायाचित्रकारासह. तो बुडू नये म्हणून आदल्या दिवशी एक फोन करायचे काम मात्र कोणत्याच टेबलावर नसते.

31 जुलैला मासेमारी बंदी संपते. त्याआधी मुखाची खोली मोजून ते आकडे हैदराबादला पाठवावेत आणि इशारा निघाल्याच्या तासाभरात तो मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून वाचला जावा, एवढीच मागणी आहे. मोजणीसाठी होडी आम्ही देऊ, डिझेलही आमचेच. फलक आपण काढून नेलात तरी चालेल, त्याच्या खांबाला आम्ही जाळी वाळत घालतो.

आपला,
एक नौकामालक, रत्नागिरी जिल्हा