परकर गेला, शेपवेअर आलं

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मी नि ताई लक्ष्मी रोडला गेलो, साडी दहा मिनिटांत ठरली (आमच्याकडे हा चमत्कारच) पण पुढचा अर्धा तास गेला परकरावर. सेल्सगर्ल म्हणे, "काकू, नाडीचा परकर आता कोण घालतं, शेपवेअर घ्या, पोट दिसत नाही." परकर २०० ला, हे साडीखाली घालायचं, पोट घट्ट आवळणारं ९०० ला. आणि मी घेतलं! दोन सिझेरियन झालेलं पोट कुणाला दिसू नये असं मला कधीपासून वाटायला लागलं देव जाणे, रील्समधल्या साडीवाल्या बघून बघून झालं असणार, त्यांना पोटच नसतं. लग्नात पंगतीला बसले तर दुसरी जिलबी खाली उतरेना, शेवटी खोलीत जाऊन ते अक्षरशः सोलून काढलं.

आमच्या वेळी सगळं रंगावर होतं. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या जाहिराती बघत आम्ही मोठ्या झालो, क्रीम लावलं की मुलीला नोकरी नाहीतर नवरा मिळायचाच. २०२० मध्ये नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं. पण तुमच्या रविवारच्या 'वधू पाहिजे'मध्ये 'गोरी, सडपातळ' अजून छापून येतंच की हो, निदान हे दोन शब्द घ्यायचे नाहीत एवढं ठरवता येईल का?

शेपवेअर दुकानदार परत घेत नाही. कपाटात पडलंय.

– एक वाचक, पुणे