बाबू, तुझ्या मेसेजचं उत्तर

प्रिय बाबू,

तुझा मेसेज वाचला. सगळं आहे पण काहीच पुरत नाही, असं लिहिलंस ना, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून व्हॉइस टाकण्यापेक्षा म्हटलं लिहूनच काढूया. तू विचारलंस आई, तू आणि बाबा एवढे शांत कसे राहता.

2012 ला गोव्यातलं मायनिंग बंद झालं तेव्हा तू शाळेत होतास. बाबा खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर, आणि बार्जी सगळ्या नदीत नांगर टाकून उभ्या. पगार आधी कमी झाला, मग यायचाच थांबला. मध्ये थोडं सुरू झालं, आम्हाला वाटलं आता मार्गी लागलं, तर 2018 ला परत बंद. मग बाबांनी पाण्याचे पंप दुरुस्त करायला घेतले ते आजपर्यंत.

तू कधी बाजूला बसून बघितलंयस का रे ते काम? वाइंडिंग जळलेली मोटर आली की जुनी तार उपटायची, खाचा साफ करायच्या, नवीन तारेची वेटोळी मोजून भरायची, वरून वार्निश, मग सुकत ठेवायची. मोजताना चुकल्यासारखं वाटलं तर बाबा सगळं उलगडून परत पहिल्यापासून भरतात. मी म्हणते, अहो राहू द्या, आत कोण बघायला जातंय. तर म्हणतात, त्यांच्या टाकीत पाणी चढलं पाहिजे ना. बस, एवढंच. माझ्या मते देवावरचा विश्वास तो हाच, बाबा तसं कधी बोलून दाखवणार नाहीत.

आणि एक सांगते, समाधान म्हणजे गप्प बसणं नव्हे हां. ज्यांची पोटं भरलेली असतात तेच दुसऱ्याला आहे त्यात सुख माना म्हणून सांगतात, मला त्याचा फार राग येतो. आपण गप्प नाही बसलो. बाबा मोर्च्याला गेले, मी शिवणकाम घेतलं, तुझी फी भरली. तू पण चांगला जॉब शोध, मित्रांसारखा परदेशी जायला पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा असेल तर तो पण काढ, मी आडवी येणार नाही. फक्त रात्री झोपताना त्याला काय मिळालं नि मला काय मिळालं हा हिशोब करत बसू नकोस, तो हिशोब कुणाचाच जुळत नाही.

आपल्या वास्कोचा भजनी सप्ताह आठव. 1899 साली सुरू झाला, गावात प्लेग आला होता, माणसं मरत होती, तेव्हा लोक जांबावलीच्या देवळात दामोदराच्या पायाशी गेले आणि प्रसादाचा नारळ घेऊन आले, त्याच्यासमोर भजन धरलं. अजून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जांबावलीहून नवीन नारळ येतो, 24 तास भजन चालतं, जुना नारळ समुद्रात सोडतात. तुला ते पार, म्हणजे गात निघणाऱ्या मिरवणुका, आठवत असतील, ती लाईट, ती फेरी म्हणजे जत्रेतली दुकानं, खाज्याची पुडी. पण रात्री तीनच्या सुमाराला येऊन बघ एकदा. फेरीतली गर्दी पांगलेली, देवासमोर थोडीच माणसं, पखवाजवाल्याचे डोळे मिटत असतात, हात मात्र चालूच. पुढची मंडळी येऊन बसते, त्यांचा टाळ ह्यांच्या टाळात मिसळतो, आणि मगच आधीचे उठतात, म्हणजे भजन एक क्षण पण तुटत नाही. त्या वेळेला कोण गायलं हे सकाळी कुणालाच माहीत नसतं.

मायनिंग बंद झाल्यानंतरच्या सप्ताहाला बाबा तसेच जाऊन बसले होते. घरी आले तेव्हा मी विचारलं, काय मागितलंत? म्हणाले, मागायचं राहूनच गेलं, भजन चालू होतं ना. त्या दिवशी घरात पैसे नव्हते बाबू, आणि हा माणूस चहा पिऊन शांत झोपला. मी बघत राहिले.

तुला देव मान असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण तिथे पुण्यात कुठेतरी भजनातल्यासारखी तुझी पण एक पाळी असू दे, कुणाला शिकवायला जा, कुणा म्हाताऱ्याचं औषध आणून दे, काहीही. जे तू नाही गेलास तर अडेल असं.

ह्या वर्षी सप्ताहात बाबांची भजनाची पाळी परत मध्यरात्रीनंतरच आहे, गुडघा दुखतो तरी जाणार म्हणतात, तू आलास तर गाडीवरून सोडशील त्यांना. गोवा एक्सप्रेसचं बुकिंग आत्ताच बघून ठेव, नंतर वेटिंग लागतं. आणि रात्रीचं जेवण टाळू नकोस.

तुझी,
आई