पान ४१वर मेलेली आजी

संपादक साहेब,

मागच्या वर्षी पदरच्या पैशानं कथासंग्रह काढला, ३०० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो तेवढाच खर्च वाचला, बाकी गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत आणि झाडू मारताना बायको रोज आठवण करून देते. दादरच्या एका दुकानदारानं पाच ठेवून घेतल्या. पहिला अभिप्राय आला तो असा, "पान ४१वर आजी मरते, ६३वर चहा करते." दोन आठवडे पेनाला हात लावला नाही! मग लोकलमध्ये उभ्या उभ्या परत वाचलं, बरोबर होतं की अभिप्राय देणाऱ्याचं. "छान लिहितोस" म्हणणाऱ्या एकाही नातेवाइकाला हे दिसलं नव्हतं (वाचलं असेल तर ना). आता उरलेल्या प्रतींत पेनानं दुरुस्ती करतोय. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांना दोन ओळी, टीकेच्या का होईना, देता आल्या तर बघा.

— एक हौशी लेखक, मुलुंड