मीटर माझ्याकडे वळवलात, त्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

गाडी आता भर उन्हात लांबच्या रस्त्यावर चालवली तरी बंद पडत नाही, हे तुम्हाला फोनवर कळवता आले असते. पण फोनवर तुम्ही "बरं झालं ताई, चालवा बिनधास्त" एवढे म्हणून दुसऱ्या गाडीखाली शिरला असता आणि मला जे सांगायचे आहे ते राहून गेले असते. शिवाय ते केवळ तुमच्या कानावर घालून माझे समाधान होणार नाही, चार लोकांनीही ऐकावे असे वाटते. म्हणून हे अनावृत पत्र.

आमच्या गाडीचे दुखणे विचित्र होते, कारण ते दाखवता येत नव्हते. थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू व्हायचे, बराच वेळ सुरळीत चालायचे, आणि चांगले तापले की कधीतरी, बटण दाबून दिवा घालवावा तसे, एका क्षणात बंद पडायचे. आधी झटके नाहीत, आवाजात फरक नाही, धूर नाही. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंगचा आधार जातो आणि चाक एकदम जड होते. ब्रेकला जोर पुरवणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर पेडल एक-दोनदा नेहमीसारखे दबते आणि मग तेही पायाला दाद देत नाही. मागे मोठा ट्रक, शेजारच्या सीटवर आई आणि हातात वळायला तयार नसलेले चाक, अशा अवस्थेत गाडी कडेला घेतलेल्या माणसाला "काही नाही हो, होतं असं कधीकधी" हे उत्तर किती लागते, ते सांगून कळायचे नाही. इंजिन निवले की गाडी पुन्हा सुरू व्हायची, आणि गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत तिच्याइतकी निरोगी गाडी शोधूनही सापडली नसती.

तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी ती पाहिली त्यांची नावे मी घेणार नाही. त्यांनीही माझे नाव कधी विचारले नव्हते. स्कॅनर लावला गेला, पडद्यावर दोषाचा एकही कोड दिसला नाही, आणि कोड नाही म्हणजे दोष नाही असा निकाल लागला. पुढच्या खेपेला बॅटरी बदलली. मग प्लग आणि कॉइल. मग फ्युएल पंप, आणि तो तर मोठ्या आत्मविश्वासाने. दर वेळी गाडी थंड असताना जवळच एक चक्कर मारून पाहिली, ती अर्थातच नीट चालली, आणि बिल हातात पडले. या साऱ्यात पैसे गेले ते गेलेच, पण मला खुपत राहिले ते वेगळेच. गाडी मी चालवते, बंद पडते ती माझ्या हातात, प्रश्न विचारते मी. उत्तरे मात्र माझ्याशेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे पाहून दिली जात होती, ज्याला गाडी चालवता येत नाही. "ताई क्लच लवकर सोडत असतील," हेही त्यालाच सांगण्यात आले. सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये धावणारी गाडी क्लचमुळे कशी बंद पडेल, असे मी विचारले तेव्हा समोरचा माणूस हसला आणि पुन्हा भावाकडे वळला.

तुम्ही बॉनेटला हात लावण्याआधी मला एक प्रश्न विचारलात: "गाडी बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो?" इतक्या ठिकाणी फिरून हा प्रश्न मला कोणीही केला नव्हता, आणि उत्तर तर माझ्या डोळ्यांसमोर होते. मी सांगितले की गाडी अजून गिअरमध्येच असते, उताराला लागलेली असते, चाके इंजिनाला फिरवत असतात हे पायाखाली जाणवते, आणि तरीही इंजिनाचा वेग दाखवणारा तो काटा हळूहळू उतरत नाही, धाडकन शून्यावर येतो. मग कडेला थांबून सेल्फ मारला तर इंजिन फिरल्याचा आवाज येतो, पण काटा जागचा जरासुद्धा हलत नाही. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "म्हणजे इंजिन फिरतंय, पण गाडीच्या कॉम्प्युटरला ते दिसत नाहीये. आज माझ्यासमोर बंद पडली नाही तरी चालेल, तुम्ही सांगितलंत ते पुरेसं आहे." काका, हे शेवटचे वाक्य ऐकून मला जे वाटले ते तुमच्या लक्षात आले नसावे, कारण तुम्ही तोवर गाडीखाली दिवा सरकवत होता.

तुम्ही काम करता करता जे समजावलेत ते मी नंतर निवांतपणे वाचूनही पाहिले, आणि जितके वाचले तितका आधीच्या मंडळींचा राग वाढला. दोष निघाला तो क्रँकशाफ्टच्या सेन्सरमध्ये. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीसमोर, साधारण एक मिलिमीटरच्या फटीवर, हा सेन्सर बसलेला असतो. अनेक इंजिनांत या चकतीवर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले २ दात मुद्दाम वगळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की क्रँकशाफ्ट फेऱ्यात नेमका कुठे आहे हे कळते आणि उरलेल्या ५८ दातांवरून त्याचा वेग कळतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला २९०० दात त्याच्यासमोरून जातात, आणि ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर केव्हा उघडायचा, हे सारे त्या एवढ्याशा भागाच्या साक्षीवर ठरते. आमच्या गाडीतल्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. त्या तारेत कुठेतरी सूक्ष्म तुटणे होते: थंड असताना दोन्ही टोके टेकलेली, तापून सगळे प्रसरण पावले की सुटलेली.

सिग्नल थांबला की संगणकाच्या लेखी इंजिनच थांबलेले असते. मग तो ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि लगोलग पंपही बंद करतो, कारण अपघातात इंजिन थांबल्यावर पंपाने पेट्रोल ढकलत राहू नये अशी ती सोयच असते. म्हणजे कॉइलमधून ठिणगी येत नव्हती हे खरे होते, पंप फिरत नव्हता हेही खरे होते, आणि तरीही ते दोघे बिचारे निर्दोष होते. पंप बंद आहे एवढे पाहून तो बदलणाऱ्याने "तो बंद का झाला?" हा पुढचा प्रश्न स्वतःला विचारला असता तर आमचा चांगला पंप भंगारात गेला नसता. कोड का उमटत नव्हता, हे कोडेही तिथेच सुटते. या सेन्सरच्या सर्किटसाठी पी०३३५ असा कोड ठरलेला आहे खरा, पण थांबलेले इंजिन आणि मुका झालेला सेन्सर यांतला फरक ज्या गाडीच्या संगणकाला ओळखता येत नाही, ती गाडी नोंदवणार तरी काय? स्कॅनरला जे दिसत नाही ते चालवणाऱ्याला विचारावे लागते, आणि विचारायचे म्हणजे ऐकावे लागते.

तरीही हे पत्र मी लिहायला बसले ते या माहितीमुळे नाही. इतके जाणणारे मिस्त्री आणखीही असतील. माझ्या मनात ठसले ते पुढचे.

सेन्सर दोषी ठरवण्याआधी तुम्ही त्याची वायर हलवून, वाकवून पाहिलीत, कनेक्टरच्या पिना दिव्याखाली धरून तपासल्यात, आणि मगच सेन्सर काढून बाकावर ठेवला आणि मीटरची टोके त्याला अडकवलीत. तारेच्या रोधाचा आकडा आला ८६० ओहम. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत तो बसत होता, आणि इथवर पाहून कोणीही सेन्सर चांगला आहे असे म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही हीट गन घेतलीत. पण ती सुरू करण्यापूर्वी, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याच्या कडेने, तो पिवळा मीटर बाकावरच हळूच फिरवलात. आकडे तुम्हाला उलटे आणि मला सुलटे झाले. "मी गरम करतो," तुम्ही म्हणालात, "तुम्ही वाचा."

मी वाचत गेले. ८८०. ९१०. ९५०. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतोच, त्यात वावगे काही नाही, असे तुम्ही मध्येच सांगितलेत ते बरे झाले, नाहीतर मी तिथेच "सापडला!" म्हणून ओरडले असते. हजार ओलांडले. मग १०६० च्या आसपास आकडा थोडा चुळबुळला आणि पडद्यावरून नाहीसाच झाला. त्याच्या जागी 'ओएल' अशी अक्षरे आली, म्हणजे तार तुटली, वाट बंद. तुम्ही हीट गन बंद करून शांतपणे उभे राहिलात. काही वेळाने आकडा आपण होऊन परत आला, जणू कुठे गेलाच नव्हता. आमची गाडी इतके महिने जे करत होती तेच सगळे त्या बाकावर माझ्या डोळ्यांदेखत घडले, आणि तुम्ही विचारलेत, "अजून एकदा बघायचंय?"

तुम्हाला स्वतःला त्याची गरज नव्हती, हे मला आता कळते. काट्याची हकिगत ऐकली तेव्हाच तुमचा जवळजवळ निकाल झाला होता. नवा सेन्सर आणून बसवला असता तरी गाडी दुरुस्त झाली असती आणि मी तितक्याच आनंदाने घरी गेले असते. मीटर फिरवलात तो माझ्यासाठी. जाणकार माणसाच्या हातातला मीटर सहसा त्याच्याकडेच तोंड करून असतो. आपण पलीकडे उभे राहायचे, त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा आणि तो सांगेल ते मान्य करायचे. काउंटरवरच्या कारकुनाचा पडदा असो की तपासणी करणाऱ्याच्या हातातला कागद, सगळीकडे हाच प्रकार, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की त्यात काही अपमान आहे हेही जाणवत नाही. ज्याला समोरच्या अज्ञानाचा सहज फायदा घेता येतो, घेतला तर कोणाला कळणारही नाही, अशा माणसाने आपण होऊन पुरावा समोरच्याच्या हाती द्यावा, याला मी सभ्यता म्हणते. ती गोड बोलण्यात असतेच असे नाही. तुम्ही तसे फार गोड बोलणारे नाहीच आहात, रागावू नका.

बाकीच्या कामाबद्दल काय लिहू? ते बघता बघता झाले. जुन्या सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस तुम्ही कापडावर पुसून दाखवलात, नव्याच्या ओ-रिंगला ऑइलचे बोट लावलेत, बोल्ट जपून आवळलात आणि वायर गरम भागापासून दूर पुन्हा क्लिपमध्ये बसवलीत. मग "आता तापवून आणू" म्हणून स्वतः शेजारी बसलात आणि चाक माझ्या हाती दिलेत. आधी कोणीही गाडी तापेपर्यंत चालवून पाहिली नव्हती, हे पुन्हा लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बंद पडणारी गाडी तापल्यावर बंद पडते असे सांगितले असताना ती थंड असताना तपासायची आणि "ठीक आहे" म्हणायचे, याला आळस म्हणावे की आणखी काही, ते ज्याचे त्याने ठरवावे. तुम्ही मात्र त्या मंडळींबद्दल एकही वाईट शब्द काढला नाहीत. तेवढी तुमची उणीव मी या पत्रात भरून काढली आहे.

जुना सेन्सर तुम्ही मागितल्याशिवायच पिशवीत घालून दिलात, तो माझ्याकडे आहे. भावाने तो हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केला आणि एवढ्याशा वस्तूने आपल्याला इतके छळले का, असे विचारले. मी त्याला दातांचा हिशेब समजावून सांगितला, आणि या वेळी उत्तर देणारी मी होते याची त्यानेही गंमत वाटून घेतली. आईनेही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. ती पुन्हा शेजारच्या सीटवर बसून डुलकी काढू लागली आहे, जे मधल्या काळात तिने पूर्ण सोडले होते.

कनेक्टरजवळ ऑइलचा जो ओलावा तुम्ही दाखवला होतात, तो वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून उतरतो आहे आणि आत्ता घाईचा नाही, असे तुम्ही म्हणाला होतात. सांगितल्याप्रमाणे तिथे लक्ष ठेवून आहे. ओलावा वाढलेला नाही. पुढच्या सर्व्हिसला ते गॅस्केट बदलून घेऊ. भावालाही त्या दिवशी यायचे आहे, त्याला तो मीटर बघायचा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक वाहनचालक