उटी म्हणजे फक्त तलाव नव्हे

महोदय,

सुट्ट्या लागल्या की आपली मंडळी उटीला धावतात आणि तलावातली बोट, चॉकलेटची दुकानं उरकून परततात. वाईट वाटतं. डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपाळयमहून सकाळी उटीसाठी सुटणारी छोटी रेल्वेगाडी घ्या. तिकीट मात्र आधीच काढा. वाटेतल्या कल्लार ते कुन्नूर या स्थानकांदरम्यान रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात रुतत जातं आणि इंजिन मागून डबे ढकलत चढ चढतं. २००५पासून हा मार्ग जागतिक वारसा यादीत आहे. कुन्नूरला उतरून सिम्स पार्क पाहा, डॉल्फिन्स नोज या कड्यावरून कॅथरीन धबधबा दिसतो. २६३७ मीटर उंच दोड्डबेट्टा शिखर ढग येण्याआधी गाठावं. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी ई-पास (ऑनलाइन प्रवेश परवाना) काढावा. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या कृपया घरीच ठेवा, तिथे त्यांवर बंदी आहे.

– एक वाचक