पशुवैद्यकीय उपचारांचे दरपत्रक हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या अकरा वर्षांच्या कुत्रीला उलट्या सुरू झाल्या म्हणून तिला गंगापूर रोडवरील एका नव्या, वातानुकूलित पशुरुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पोटाला हात लावण्याआधीच स्वागतकक्षातून रक्ततपासणी, एक्स-रे आणि सोनोग्राफीचे ‘पॅकेज’ पुढे करण्यात आले. बिल ७,४०० रुपयांचे आले. निदान अपचनाचे निघाले. पूर्वीचे आमचे डॉक्टर तिच्या हिरड्या पाहून, चिठ्ठीवर औषध लिहून देत आणि दोन दिवस दहीभात द्या म्हणत. यंत्रांना पैसे लागतात हे मान्य. तक्रार आहे ती तपासणीची गरज डॉक्टरऐवजी पॅकेज ठरवते याबद्दल. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांनी दवाखान्यांच्या साखळ्या उभारल्यानंतर तेथील स्पर्धा नियामकाला २०२४ मध्ये या बाजारपेठेची सविस्तर चौकशी सुरू करावी लागली. आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर असल्याने शहरातील श्वानपालकाला (आणि मांजरवाल्यांनाही) खासगीचीच वाट धरावी लागते. निदान प्रत्येक दवाखान्यात दरपत्रक दर्शनी भागात लावणे आणि तपासणीपूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे पशुसंवर्धन विभागाने बंधनकारक करावे.

आपला,
एक श्वानपालक, इंदिरानगर, नाशिक